त्या रविवारचं पाणी

निगडी, प्राधिकरण
१४ मे १९८१

प्रिय पद्मा,

तुझं संक्रांतीचं कार्ड आलं त्याला चार महिने झाले आणि मी उत्तर आज लिहायला बसले आहे. दरवर्षी दोन ओळींचं उत्तर लगेच पाठवते, यंदा तेही जमलं नाही. रागावली असशील असं वाटत नाही, तो तुझा स्वभावच नाही. आम्ही आता निगडीला राहतो हे तुला ठाऊक आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे थोडी जागा, तिथे मी कर्दळ लावली आहे. भोवती अजून बरीच मोकळी रानं आहेत. दुपारी वारा सुटला की घरभर माती. चिंचवडच्या क्वार्टरमध्ये आपल्या दोघींच्या गॅलऱ्या समोरासमोर होत्या, इकडून हाक मारली की तिकडून तू पळी हातात घेऊनच बाहेर यायचीस. इथे हाक मारायची तर कोणाला, असं पहिलं वर्षभर वाटायचं. माई गेल्या, घरात सासूचा आवाज नाही, त्यालाही आता दोन वर्षं होतील. तू पाठवलेलं पत्र मी त्यांच्या फोटोमागे ठेवलं आहे.

तुझे अनंतभावजी बरे आहेत. केस पांढरे झाले. स्टोअरमधून बदलून आता ते कंपनीच्या गाड्यांच्या विभागात आहेत, आणि तिथे त्यांना सगळे 'पाणीवाले' म्हणतात. हसू नकोस, खरंच म्हणतात. कामगारांना आणणाऱ्या बसगाड्या, माल नेणारे ट्रक, साहेबांची जीप, प्रत्येक गाडीतलं प्यायचं पाणी हे स्वतः बघतात. सकाळच्या शिफ्टच्या बसगाड्या सुटायच्या आधी शेडमध्ये हजर. ड्रायव्हरच्या सीटमागे, ऊन लागणार नाही अशा जागी, झाकणाचं स्टीलचं पिंप पट्ट्याने बांधलेलं असतं, त्याभोवती ओलं गोणपाट. ट्रकला बाहेरच्या बाजूने कॅनव्हासची छागल टांगलेली, ती आधी रात्रभर भिजवून ठेवायची म्हणजे शिवणी फुगून गळत नाही, आणि वाऱ्याने पाणी असं गार होतं की दात शिवशिवतात. कालचं पाणी आज कोणी प्यायचं नाही, उरलेलं रेडिएटरमध्ये ओतायचं. आणि कुठल्याही कारणाने प्लास्टिकचा जुना कॅन गाडीत आला की हे तो आधी बाहेर काढतात. "ह्यात आधी काय होतं, ते सांग. ठाऊक नाही? मग ठेव खाली," एवढंच बोलतात. सगळं भरून झालं की प्रत्येक पिंपातला पहिला पेला स्वतः पितात. मी एकदा म्हटलं, अहो, पंधरा गाड्या आहेत, पोट फुटेल. तर म्हणाले, घोटभरच घेतो.

मार्चमध्ये कंपनीत सुरक्षा दिवस झाला तेव्हा ह्याच पाण्याच्या व्यवस्थेबद्दल त्यांना बक्षीस मिळालं. तापलेल्या गाडीत पिण्याचे पाणी कसे ठेवावे, अशी पाटीच आता प्रत्येक गाडीत लावणार आहेत, मजकूर ह्यांचा. बायकांनाही बोलावलं होतं, मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?" हे माइकसमोर उभे राहिले, आणि नुसते उभेच राहिले. लोकांना वाटलं लाजले. टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर ते प्रमाणपत्र त्यांनी कपाटातल्या कपड्यांच्या तळाशी घातलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. का, ते फक्त मला ठाऊक आहे. आता तुला सांगते. शेवटपर्यंत वाच, पद्मा. मध्येच ठेवून देऊ नकोस.

तुझ्या हातच्या जेवणाचं मी वेगळं काय सांगू. तुझे हरिहर गेले तेव्हा तू एकतीस वर्षांची होतीस. क्वार्टर सोडावं लागलं, चिंचवड गावात दोन खोल्या घेतल्यास, आणि तिसऱ्या महिन्यात एकट्या राहणाऱ्या मुलांचे डबे सुरू केलेस. कोल्हापूरकडची, लातूरकडची ती पोरं, कुणाला भाकरी हवी, कुणाला चपाती, तू प्रत्येकाचं लक्षात ठेवायचीस. बावीस डबे होते तुझे. दुपारी मी तुझ्याकडे भाजी निवडायला यायची ती खरं तर गप्पा मारायला. तू कधी रडताना दिसली नाहीस. एकदाच म्हणाली होतीस, "वासंती, लोक माझ्या हातचं खाऊन कामावर जातात, म्हणून मी उभी आहे." हे वाक्य मी सात वर्षं विसरू शकलेले नाही.

बारा मे चौऱ्याहत्तर, रविवार. महिला मंडळाची सहल, निमगावच्या खंडोबाला. कल्पना सुमनताईंची, गाडीची व्यवस्था ह्यांची. रहाटणीच्या रंगरावांचा टेम्पो, मागे पत्र्याचं बंद खोकं, त्यात सतरंज्या टाकून आपण अकरा बायका आणि नऊ मुलं. खाण्याचं तुझ्याकडे होतं, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीभात. पाण्याचं आमच्याकडे. ह्यांनी निळा प्लास्टिकचा मोठा कॅन आणला होता. तेव्हा असा कॅन कोणाकडे नसायचा, सगळ्याजणी हात लावून बघत होत्या, किती हलका, फुटायची भीती नाही. मी मिरवून घेतलं. गाडीत तो मागच्या कोपऱ्यात, पत्र्याला टेकून ठेवला, कारण तिथेच जागा होती.

चाकण सोडून चारपाच मैल गेलो आणि पंख्याचा पट्टा तुटला. तुला आठवतंच. रंगराव आणि हे, दोघं जाणाऱ्या ट्रकमधून चाकणला परत गेले पट्टा आणायला. रविवार, दुकान बंद, दुकानदाराचं घर शोधा, ह्यात तीन तास गेले. रस्त्याला एक बाभळ, तिची सावली चार माणसांपुरती. म्हणून आपण मुलांना टेम्पोतच बसवलं आणि तो पत्रा तव्यासारखा तापला. तू डबे उघडलेस, म्हणालीस, आता खाऊन घेऊ या, दही आहे, पोटाला थंड. सगळ्यांनी खाल्लं आणि मग पाण्यावर तुटून पडलो. पाणी गरम झालं होतं. सुमनताई म्हणाल्या, मचूळ लागतंय गं. मी म्हटलं, नव्या प्लास्टिकची चव असेल. हे मी म्हटलं होतं, पद्मा. तू वाढत होतीस, सगळ्यांत शेवटी जेवलीस, आणि तुझी पाण्याची पाळी आली तेव्हा तळाशी दीड पेला राहिला होता, तो तू सुमनताईंच्या नीलिमाला दिलास. पाच वर्षांची होती ती, तिला तहान आवरत नव्हती.

तासाभरात मुलं ओकायला लागली. मग बायका. नीलिमा तर हातातून गळूनच गेली. शेतातून ती बाई धावत आली, गोजाबाई. तिने नीलिमाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बाई, हिचं व्हट निळं पडल्यात. नखंबी निळी. ह्ये उन्हाचं न्हाई." आणि मग तिने कॅनचं बूच काढून तळाचे चार थेंब हातावर घेतले, जिभेला लावले आणि थुंकली. "कशात भरलंया ह्ये पानी?" असं तिने मला विचारलं. तू तेव्हा मुलांना घेऊन तिच्या विहिरीकडे गेली होतीस, तू ऐकलं नाहीस. मी कॅनचं बूच लावलं. गोजाबाईच्या नवऱ्याने बैलगाडी जुंपली, एक एसटी थांबली, चाकणच्या डॉक्टरांकडे पोहोचलो. त्यांच्यासमोर एकोणीस माणसं ओकत होती. काय खाल्लं विचारलं. दहीभात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, उन्हात नासलेलं दही, असं म्हणाले. पुढचं कोणी विचारलं नाही. नीलिमाला आणि अजून एकाला पुण्याला हलवलं. दोन दिवस ती पोर ऑक्सिजनवर होती. वाचली, सगळेच वाचले.

तू एकटी ठणठणीत होतीस. कॉलनीत कुजबूज सुरू झाली की हिने स्वतः खाल्लंच नसेल, हिला माहीत असणार. पुढच्या रविवारी सुमनताईंकडे सगळ्या जमलो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. म्हणाल्या, "पद्मा, तुझ्यावर विश्वास ठेवून लेकरं तुझ्या हाती दिली." तू माईंकडे वळलीस आणि हळूच विचारलंस, "माई, तुमचा तर रविवार होता ना? दर्शन होईपर्यंत तुम्ही काही खात नाही. तुम्ही दहीभात खाल्ला नव्हता, तरी तुम्हाला त्रास झाला, मग..." तुझं बरोबर होतं. माईंनी त्या दिवशी कणही खाल्ला नव्हता, फक्त पाणी प्यायल्या होत्या, दोन पेले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना डोकं वर उचलता आलं नव्हतं. एवढी एक गोष्ट त्यांनी खरी सांगितली असती तर सगळं तिथेच उलगडलं असतं. माई म्हणाल्या, "नाही गं, मी दोन घास खाल्ले होते." तू त्यांच्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "असेल, माझंच लक्षात राहिलं नसेल." तेव्हा माझा हात तुझ्या पाठीवर होता. मी तो काढलाही नाही आणि तोंडही उघडलं नाही.

त्या सभेपर्यंत आम्हा तिघांना सगळं कळलेलं होतं. सहलीनंतर तिसऱ्या दिवशी ह्यांनी तो कॅन मागच्या अंगणात नेऊन करवतीने कापला होता. कॅन त्यांच्या खात्यातला होता, यंत्राच्या सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून लावायचं क्षाराचं पाणी त्यातून यायचं. ह्यांनी तो आणण्याआधी सोड्याने तीनदा, उकळत्या पाण्याने दोनदा धुतला होता, वास घेऊन बघितला होता. निष्काळजी माणूस नाही तो, तू ओळखतेस. पण त्या कॅनची मूठ पोकळ होती आणि पोकळीत क्षार सुकून बसला होता, पांढरा, मिठाच्या खड्यांसारखा. धुताना पाणी तिथे नीट पोहोचलंच नाही. मग रस्त्याचे हिसके बसले, उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकून पाणी कढत झालं, आणि तो क्षार विरघळून खाली उतरला. कापल्यावर मुठीच्या कडेला थोडा उरला होता. हे तो हातावर घेऊन बसून राहिले. त्यांनी त्यांच्या खात्यातल्या केमिस्टला आडून विचारलं, हे पोटात गेलं तर काय होईल. तो म्हणाला, ओठ निळे पडतील, जास्त गेलं तर माणूस जाईल.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. आजवर तुला वाटलं असेल, आणि हे पत्र वाचतानाही वाटत असेल, की ह्यांनी लपवलं, माई खोटं बोलल्या, आणि मी बिचारी गप्प बसले. तसं नाही. केमिस्टला विचारून आले त्याच संध्याकाळी हे सुमनताईंकडे जायला निघाले होते. चपला घातल्या होत्या. म्हणाले, "मी सांगून येतो, त्या पद्मावहिनींचं नाव घेतायत." मी दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. कॅन गेटपासशिवाय बाहेर आणला होता, ती चोरी ठरली असती. नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं, पोलीस आले असते. मी म्हटलं, मुलं बरी झाली आहेत, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. पद्मा कुणाची कोण, तिला काय, ती एकटी आहे, तिच्यामागे संसार नाही. हे शब्द माझे आहेत. तुझ्या घरी रोज दुपारी भाजी निवडणारीचे. माईंना काय बोलायचं तेही मीच सभेला जाताना रस्त्यात सांगितलं, कारण तुला त्यांचा रविवार आठवेल हे मला पक्कं ठाऊक होतं. आपण इतक्या जवळच्या होतो म्हणूनच मला ते ठाऊक होतं. माईंनी त्यानंतर रविवारचं पाणीही सोडलं. कडक उन्हाळ्यातही थेंब घ्यायच्या नाहीत. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

लोक विसरले नाहीत. बावीस डब्यांचे अकरा झाले, अकराचे चार. दिवाळीपर्यंत तू सामान बांधलंस. मी तुला सोडायला चिंचवड स्टेशनवर आले, तुझी बादली मीच उचलली होती. गाडी सुटताना तू खिडकीतून माझा हात धरून म्हणालीस, "वासंती, सगळ्यांनी तोंड फिरवलं, तू नाही फिरवलंस." त्या शब्दांनी माझी झोप कशी उडवली, ते तुला कसं कळावं. मिरजेला भावाकडे राहिलीस, शाळेच्या वसतिगृहात कामाला लागलीस, पण स्वयंपाकघरात नाही, कपड्यांच्या कोठीवर. पहिल्या वर्षीच्या कार्डावर तू लिहिलं होतंस की मी आता दुसऱ्यांसाठी शिजवत नाही, भाचरांनाही वाढायला हात धजत नाही. आणि दोन वर्षांमागे लिहिलंस, "अजून रात्री जागी होऊन मोजते, दूध कधी तापवलं, विरजण कधी घातलं, भात किती निवला होता. कुठे चुकलं ते सापडत नाही." मी ते कार्ड ह्यांना दाखवलं नाही. पण त्यांनी ते वाचलं असावं, कारण त्याच आठवड्यात त्यांनी गाड्यांच्या विभागात बदली मागून घेतली.

पद्मा, तुझं दूध नीट तापलं होतं, विरजण वेळेवर घातलेलं होतं, भात निवला होता. तुझ्या हातून काहीही चुकलं नाही. हे वाक्य तू सात वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतंस.

बक्षिसानंतर हे दोन महिने धड बोलत नव्हते. परवा दहा तारखेला, रविवारी, सकाळी मी स्वतःच म्हटलं, चपला घाला, सुमनताईंकडे जाऊ. त्या आता सांगवीला राहतात. नीलिमा बारा वर्षांची झाली, उंच, शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. तिने आम्हाला सरबत आणून दिलं. तिला बाहेर पाठवून मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसंच, माझ्या वाटचं न गाळता. मला वाटलं सुमनताई ओरडतील, हाकलून देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पद्माला सांगितलंत?" मी नाही म्हटलं. "मग आधी माझ्याकडे कशाला आलात? सात वर्षं तिने काढली की मी?" त्या उठल्या, आतून कॅलेंडर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी तिला भरल्या घरात बोल लावले होते, तेव्हा मी तिच्या दारात जाऊन बोलणार. चोवीस तारखेला निघते, नीलिमाला घेऊन. तिच्या आत तू तिला लिही. माझ्या तोंडून तिला पहिल्यांदा कळता कामा नये." म्हणून हे पत्र. चार दिवसांत मी सहा वेळा लिहून फाडलं, हे सातवं, आता पेटीत टाकूनच येते. हे उद्या वरच्या साहेबांना भेटून कॅनचं सांगणार आहेत आणि बक्षीस परत करणार आहेत, पुढे जे होईल ते होईल. आणि चोवीसला त्या दोघींच्या गाडीत आम्हीही असू. सुमनताई आणि नीलिमा तुझ्या घरी येतील. आम्ही मिरज स्टेशनवर बाकावर बसून राहू. परतीची गाडी संध्याकाळी आहे, तोवर नीलिमाच्या हाती निरोप पाठवलास तर येऊ. नाही पाठवलास तर त्याच गाडीने निघू, आणि तू का बोलावलं नाहीस असं मी कधी, कुणापाशी म्हणणार नाही.

अजूनही तुझीच,
वासंती